जाऊ का?

प्रेमात पडून कप्तानबाईंना मिळणार होतं काय? एक नवरा आणि गालांवर थोडी लाली. जाणार होता अख्खा समुद्र. सहा पुस्तकं जिने वादळांना दम भरला, ती सातव्यात दाराशी थबकून त्या मेंगळट वैद्याला विचारत होती, "मी जाऊ का?"

लेखकाची मुलगी हस्तलिखित घेऊन तरातरा गच्चीवर आली. "बाबा, हिने अक्कल गहाण टाकली का? ही कधी विचारते कुणाला? 'निघते' म्हणते आणि शिडं उभारते! तुमच्यापेक्षा मी बरी. माझ्या ब्लॉगवरच्या गोष्टींत ती अजून जहाजावरच आहे."

"वाचतो मी त्या. हुबेहूब उतरते तुझ्या हातून."

"मग?"

ढगांमधून एखादं गलबत येताना दिसावं, तसे बाबा आकाशाकडे बघत राहिले. "तुझी आई घर सोडताना तेवढंच म्हणाली होती गं. 'निघते.' तू पाळण्यात होतीस. एकदा तरी तिने विचारावं, म्हणून लिहिलं."

मुलीच्या हातातली पानं वाऱ्यावर नुसती फडफडत राहिली. ज्या एका शब्दावर ती लहानपणापासून जीव टाकत आली होती, त्याची किंमत बाबा भरत आले होते, तिच्या वाटणीचीसुद्धा.