दोघांना चालेल असा सिनेमा

"भूत चालेल," ताई फोनवर मैत्रिणीला म्हणाली. "भुतानं कुणाचं काय वाकडं केलंय? पण कुणी बॅग भरताना दिसलं, की तो सिनेमा बाद."

आवाज अगदी बारीक ठेवून ताई सकाळपासून सिनेमे तपासत होती. आज संध्याकाळी सगळ्यांनी मिळून एक बघायचा होता. निवडायचं काम तिनं स्वतःच ओढवून घेतलं होतं. दुधानं तोंड पोळलं होतं ना! मागच्या वेळी एका साध्या प्रसंगावरून दोघांची अशी जुंपली, की सिनेमा अर्धाच राहिला. एक जण न जेवताच झोपलं, एक जण कडी लावून रडत बसलं.

"अस्वलाचा बघ," मैत्रीण म्हणाली. "लहानमोठ्या सगळ्यांसाठी, असं लिहिलंय."

"लिहिणाऱ्याचं काय जातं? त्यातलं अस्वल पिल्लांना टाकून डोंगरापलीकडे निघून जातं. नकोच ते."

ताईनं नख कुरतडलं. खिडकीपाशी गेली, परत आली. लग्नाचा लावावा? नको, त्यात जेवताना टोमणे. प्रवासाचा? त्यात वाट चुकते आणि कुणामुळे चुकली यावरून तासभर कटकट. शेवटी समुद्रातल्या राक्षसाचा लावला. राक्षस अख्खं जहाज गिळतो. माणसं पटापट मरत होती, पण मरेपर्यंत एकमेकांशी गोड बोलत होती.

"हा पास!"

"डोळ्यांत तेल घालून बघ गं," मैत्रीण म्हणाली. "मी चुकीचा निवडला. त्यानंतर आमच्याकडे दोघं एका सोफ्यावर बसलीच नाहीत."

"ते तुझ्यामुळे नाही काही."

मैत्रिणीनं हळूच फोन ठेवला.

संध्याकाळी ताईनं सोफ्यावरची मधली उशी उचलून कोपऱ्यात टाकली. दिवा मंद केला, पुन्हा मोठा केला. आतल्या खोलीतले आवाज चढायला लागले होते. आता थांबून चालणार नव्हतं. ती धावतच बंद दारापाशी गेली आणि टाचा उंचावून कडी वाजवली.

"आई, बाबा, या ना बाहेर! राक्षस आहे यात, पण कुणी कुणाला सोडून जात नाही."