डावा, उजवा, ब्रेक

ट्रेलर तपासणीत पास झाला. मात्र हे अजून झालेलंच नाही असं धरून चालू. कारण आत्ता ती ट्रेलरमागे उकिडवी बसली आहे, दादा पुढे त्याच्या जुन्या गाडीत आहे, आणि ब्रेक दाबला की एकटा डावाच दिवा लागतोय.

"डावा," ती म्हणाली. "उजवा. ब्रेक."

"दाबलाय," दादा म्हणाला.

चार वर्षांत बहीणभावांचं बोलणं ते एवढंच. भांडण कशावरून झालं ते दोघांनाही तोंडपाठ होतं, त्यामुळे कोणी कोणाला सांगायला जात नसे. वडिलांचा ट्रेलर मात्र एकच. एक पंधरवडा त्यात दादाच्या मधमाश्यांच्या पेट्या, दुसरा पंधरवडा तिच्या दुकानाचे कमोड. दादाच्या गाडीत ब्रेक आणि वळणाचा दिवा एकाच वायरवर नांदत. तिच्या गाडीत दोघांची वेगळी चूल. म्हणून दर अदलाबदलीला वायरी सोडायच्या, पुन्हा जोडायच्या. मग एकाने दाबायचं, दुसऱ्याने बघायचं.

आता तपासणी कार्यालयाची नोटीस आली होती. दिवे दोन्ही गाड्यांवर चालले नाहीत, तर ट्रेलर भंगारात. तिने वायरमनला बोलावलं. त्याने काडेपेटीएवढा डबा बसवला.

"आत काय आहे?" तिने विचारलं. नको तिथे डोकावायची तिची खोड जुनीच.

"मध्यस्थ आहे, ताई. ब्रेक आणि वळण वेगवेगळे आले तर एकत्र करतो. एकत्रच आले तर जाऊ देतो."

"दोघं एकदमच हटून बसले तर?"

"वळणाला मान. त्या बाजूचा ब्रेक गप्प बसतो. आणि बिघाड झालाच तर हाच शिट्टी मारेल. मागे माणूस उभं करायला नको."

दादा उतरून बराच वेळ डब्याकडे बघत राहिला. "हा परत काढता येतो का?" त्याने वायरमनला विचारलं.

"काढायचा कशाला?"

दादा पुन्हा गाडीत जाऊन बसला. ट्रेलर पास झाला.

पुढच्या पंधरवड्याला ट्रेलर तिच्या दाराशी आपोआप आल्यासारखा उभा होता. दादा सोडून गेलाही होता. तिने तो गाडीला जोडला. शिट्टी वाजली नाही. तरी तिने ब्रेक दाबला आणि दिवा बघायला मागे पळाली. पोचेपर्यंत दिवा विझलेला. चारदा पळाली.

महिन्याभराने ती दाखल्याची प्रत आणायला कार्यालयात गेली. कारकुनाने फाइल उघडली. वरच एक अर्ज होता, पास झाल्याच्या दुसऱ्या दिवसाचा.

"तुमच्याच घरचा ना हा?" कारकून म्हणाला. "कोणत्या टेबलावर पाठवायचा, कोणालाच कळत नाहीये."

अक्षर तिने लांबूनच ओळखलं.

"महोदय, सदर ट्रेलर निर्दोष झाल्याने अर्जदाराची गैरसोय होत आहे. तरी तो दर पंधरा दिवसांनी नापास करण्यात यावा, व मागे उभी राहणारी व्यक्ती पूर्वीचीच असावी, ही विनंती."