कमिटीतला आपला माणूस

सत्तावन्न साली आलापल्लीचं सागवान चोरल्याच्या संशयावरून मुखरूला ठाण्यात बेदम मारलं, तेव्हा शहर पेटलं आणि पोलिसांच्या चौकशीला नागरिकांची कमिटी बसली. कमिटीत सगळे वकील आणि शेठ. "एक तरी आपला माणूस घ्या," म्हणून मुखरूनंच हट्ट धरून आपला लंगोटीयार, वारलू न्हावी, त्यात घालायला लावला.

ओळख परेडच्या आदल्या दिवशी वारलूनं विचारलं, "मारनाऱ्याले वळखशील ना गा?"

"डोये सुजून मिटले होते. फटीतून निस्ती मिशी दिसली, एका बाजूनं आखूड. तेवढ्यावर वळखतो त्याले. तुले सांगून राह्यलो, दुसऱ्या कोणाले सांगितलं नाई."

"मीबी काऊन सांगू?"

सकाळी कमिटीसमोर बारा शिपाई रांगेत उभे राहिले. मुखरू पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत गेला, पुन्हा मागं आला. बाराही जणांचे ओठ गुळगुळीत, एकाच्याही तोंडावर मिशी नव्हती.

त्यानं वळून कमिटीकडे पाहिलं.



खुर्चीवर मान खाली घालून बसलेल्या वारलूच्या बाहीवरचा साबणाचा फेस अजून वाळला नव्हता.