धाकट्याचं बोलणं

दवाखान्यात नंबर यायला वेळ होता आणि धाकट्याचं पुन्हा सुरू झालं.

आत गेल्यावर घाबरू नकोस, मी आहे, एवढंच ताईने त्याला सांगितलं होतं. त्यावर तो म्हणाला, "गाडी कुठली, ताई? आपण चालत आलोय."

गाडीचं नावसुद्धा कुणी काढलं नव्हतं.

हल्ली हे रोजचंच झालं होतं. भाजी आण म्हटलं की म्हणायचा, "आग कुठेय? काही जळत नाहीये, बघ." बोलण्याला ना शेंडा ना बुडखा. शिवणकामात मात्र टाका इकडचा तिकडे होत नव्हता, आणि त्याचीच तिला जास्त धास्ती वाटायची.

नीट बोलणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. बसस्टँडवरच्या घोषणा तीच द्यायची. तिच्या एका शब्दावर अख्खा स्टँड बोचकी उचलून चालू लागायचा. साहेबांच्याही कानावर भावाचं गेलं असावं. भला माणूस! परवा स्वतःच येऊन त्यांनी माइक बंद केला नि म्हणाले, "थोडे दिवस घरी राहा. भावाला मला भेटायला सांगा."

आईवडिलांमागे तिला हा एकटाच. डॉक्टरांनी ठेवूनच घेतलं तर? या विचाराने तिचा घास उतरत नव्हता.

मोजकंच बोल, विचारतील तेवढंच, असं तिने त्याला बजावलं. धाकट्याने तिचा हात घट्ट धरला. "हो, हो. भूक लागली असेल तर जाताना खाऊ काहीतरी."

त्याचे डोळे भरले होते. बिचाऱ्याला आपलं आपल्यालाच कळत नव्हतं.

आत मात्र तो सरळ बोलला. "झोपच नाही, डॉक्टर. जेवण तुटलंय. बोलणं तर कुठल्या कुठे जातं."

ताईचा जीव भांड्यात पडला. दुखणं स्वतःच्या तोंडाने सांगतोय म्हणजे सुधारणार!

डॉक्टरबाई तिच्याकडे वळल्या. "आता तुम्ही सांगा, ताई. सावकाश."

याला ठेवून घेऊ नका, मी घरी सांभाळीन, एवढंच तिला सांगायचं होतं. तिने घसा साफ केला आणि स्टँडवरच्यासारखा एकेक शब्द सुटा करत, स्पष्ट आवाजात ती म्हणाली,

"भाऊ फलाटाला लागला आहे, लागला म्हणजे डोळा, डोळ्याला खिडकी, खिडकीला विहीण, विहीणबाई पाऊस सुट्टा द्या, सुट्टी संपली, आग लागली, भूक लागली, माणसं उतरवून घर मागे घ्या, घर मागे घ्या..."