नमुन्याची चटणी

बायको गेल्यावर मी तिच्यासारखी कारळाची चटणी करायला शिकलो. विकण्याआधी हॉटेलवाल्यांना पसंत पडते का ते पाहावं, म्हणून डबा घेऊन सेनगावात फिरलो. चव घेऊन सगळे हळू आवाजात म्हणाले, "छान झाली, माणिकराव." मागणी मात्र कोणीच केली नाही.

शेवटी खानावळवाल्या साधनाबाईंनी तोंड वाकडं केलं. "ओ माणिकराव, एवढं मीठ काहून घातलं? अन् लसूण करपला की! ही वाढली तर गिऱ्हाईक पाणी पिऊनच पोट भरंल. उद्या नीट करून आणा, जमली तर दर आठवड्याला घेईन."

लसूण घेऊन मी हसतच घरी निघालो. बायको गेल्यापासून माझ्यावर असं कोणी खेकसलंच नव्हतं.