वनमालाबाईंची अट

"चौऱ्याण्णव पॉइंट दोन," काट्यावरून उतरत हर्षद म्हणाला. "दोनशे ग्रॅम वाढलंय."

गंधालीने कॅलेंडरवर आकडा लिहिला आणि पेन आपटलं. "वाढलंय? अरे, दुधी खाऊन कुणाचं वजन वाढतं का? खरं सांग, बाहेर काय चरतोस?"

"काही नाही गं. शपथ."

"कुणाची? आईंची घे बघू."

हर्षद बूट घालून चालायला निघून गेला.

मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत दोन महिने सगळं ह्या आकड्यावर चाललं होतं. हर्षदच्या आईचं, वनमालाबाईंचं, लिव्हर कामातून गेलं होतं. जन्मात कधी दारूच्या थेंबाला न शिवलेली बाई, तिलाच हे दुखणं का यावं कोण जाणे. हर्षदच्या लिव्हरचा तुकडा काढून त्यांना बसवायचा होता. रक्तगट जुळला, बाकीचंही सगळं जुळलं. अडलं ते एकाच गोष्टीवर. दहा वर्षांच्या वडापावाने आणि तळलेल्या बोंबलांनी त्याच्या लिव्हरवर चरबी चढवली होती. "ती उतरली पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "तीन महिने आहेत. घरचं साधं जेवा. तेल, तूप, साखर बंद."

आधी वनमालाबाई ऐकायलाच तयार नव्हत्या. "पोटच्या पोराचं पोट फाडून मला जगायचं नाही. माझं काय राहिलंय आता?" चार दिवस हाच धोशा. हर्षद पाया पडला, लहान मुलासारखा रडला. पाचव्या दिवशी त्या कबूल झाल्या, पण एका अटीवर.

"त्याचं जेवण मी करणार. त्याचं पातेलं वेगळं. त्यात दुसऱ्या कुणाचा चमचासुद्धा पडायचा नाही."

त्याच दिवशी त्यांनी देव्हाऱ्यात साजूक तुपाचा नंदादीप लावला. ऑपरेशन पार पडेपर्यंत विझू द्यायचा नाही, असा नवस. सोवळ्यातला दिवा, त्यालाही इतर कुणी हात लावायचा नाही. गंधालीने फक्त दर शनिवारी अर्धा किलो तूप आणून द्यायचं. हा नवस तिला पटत नव्हता, पण मरणाच्या दारात बसलेल्या माणसाशी वाद काय घालणार? ती मुकाट्याने आणत होती.

सुजलेले पाय पुढे ताणून वनमालाबाई ओट्याशी स्टुलावर बसायच्या. धाप लागली की थांबायच्या आणि पुन्हा कालथा हातात घ्यायच्या. सकाळी नाचणीची आंबील, डब्यात भाकरी आणि पडवळ, रात्री मुगाची खिचडी. हर्षद कण न ठेवता खायचा. शेजारच्या नलिनीकाकू गंधालीला म्हणायच्या, "अशी आई मिळायला नशीब लागतं गं."

"खिचडी झकास झालीय आई," एकदा तो म्हणाला. "तूप घातल्यासारखी लागते."

"तूप देव्हाऱ्यात आहे बाबा. वास घरभर फिरतो, त्याला मी काय करू?" त्या म्हणाल्या. "अजून एक डाव घे. तुला ताकद हवी."

तीन महिने भरले. तपासणी झाली. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. चरबी उतरली नव्हतीच, उलट वाढली होती. "हे लिव्हर मी कापू शकत नाही," ते म्हणाले. "आणि आईंना आता आणखी तीन महिने नाहीत."

घरी आल्यावर गंधालीचा बांध फुटला. "काय खाल्लंस ते आता तरी बोल!"

"एकदाच," हर्षद खाली बघत म्हणाला. "वांद्र्याला मीटिंग होती. सगळ्यांनी समोसे मागवले. मी एक खाल्ला."

"एक? एका समोशाने वाट लागते होय?"

"त्याला बोलू नकोस," वनमालाबाई कॉटवरून म्हणाल्या. डोळे पिवळेजर्द झाले होते, पण आवाज शांत होता. "त्याची काही चूक नाही. मी सांगते ना." त्यांनी हर्षदला जवळ बसवलं आणि त्याच्या पोटावरून हात फिरवत राहिल्या.

सतराव्या दिवशी त्या गेल्या.

हर्षद त्यानंतर धड जेवलाच नाही. ताटावर बसायचा आणि उठायचा. "मी मारलं तिला," हे एकच वाक्य. "इतकं मरमरून रांधत होती माझ्यासाठी, आणि मला तोंड आवरलं नाही." गंधालीला आपल्या बोलण्याची लाज वाटायची, पण आतून तीही तेच मानत होती. एक समोसा कबूल केला, न सांगितलेले किती असतील? ह्या विचाराचा तिला स्वतःचाच राग यायचा.

तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी ती पहिल्यांदाच देव्हारा आवरायला बसली. दिवा त्या गेल्या त्याच दिवशी विझला होता. इतक्या दिवसांत तूप घट्ट थिजलं असणार म्हणून तिने खरवडायला चमचा आणि गरम पाणी घेतलं. बाहेरच्या खोलीत हर्षद जेवणाचं ताट तसंच ठेवून भिंतीकडे बघत होता.

"दोन घास खा रे," तिने आतून सांगितलं आणि दिवा उचलून कलता केला.

पातळ, पिवळसर काहीतरी तिच्या मनगटावरून ओघळलं. तिने वास घेतला. मग देवांमागचा लाल पडदा सरकवला. तिथे तिळाच्या तेलाच्या रिकाम्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या, आणि तुपाचा एकही डबा नव्हता.