हलणारा शेंडा

"तुझा ड्रोन दिसतोय गं मला. झिंगल्यासारखा झुलतोय," वॉकीटॉकीवरून नवरा म्हणाला.

"बडबड करू नकोस. नीट धरून बस," ती म्हणाली आणि ओठ आवळून पडद्याकडे बघत राहिली.

उंच झाडांवर चढून रोपवाटिकेसाठी बिया काढणं हे त्याचं काम, आणि ड्रोनने जंगलाचे नकाशे करणं हे तिचं. घरी बल्ब बदलायला स्टुलावर चढतानाही कुरकुरणारा हा माणूस आज विसाव्या मजल्याइतक्या उंचीवर खोडाला मिठी मारून बसला होता. फांदी बदलताना त्याने कमरेचा दोर क्षणभर सोडला होता, आणि तो दोर सरसरत खाली तिच्या पायाशी येऊन पडला होता. आता दोराशिवाय त्याला उतरता येत नव्हतं. मदतीची माणसं पोचेपर्यंत अंधार पडणार होता, आणि त्याचे हात आताच भरून आले होते.

ड्रोनखाली तिने बारीक दोरीचं भेंडोळं भरलेली पिशवी लांब टांगली होती. पिशवी हाती लागली की तो दोरीचं टोक खाली सोडणार, ती त्या टोकाला त्याचा जाड दोर बांधणार आणि तो दोर वर ओढून घेणार. पण या दाट फांद्यांखाली उपग्रह सापडत नव्हते, आणि जीपीएसशिवाय ड्रोन एका जागी ठरत नव्हता. ड्रोनचं पातं फांदीला घासलं तसा तिने तो खाली घेतला.

"खालून जमणार नाही रे. वरून येते."

जवळच एक झाड उन्मळून पडल्याने आभाळाचा तुकडा उघडा झाला होता. तिथे ड्रोन ठेवून ती थांबली. जीव टांगणीला लागलेला असताना नुसतं थांबायचं! पडद्यावर एकेक उपग्रह सापडत गेला. पुरेसे झाल्यावर तिने ड्रोन सरळ वर नेला आणि झाडांच्या माथ्यावर थांबवला. आता तो तसूभर हलेना. डोळ्यांना न दिसणाऱ्या, कुठल्या कुठे फिरणाऱ्या त्या उपग्रहांनी त्याला बोटाला धरून उभं केलं होतं.

पडद्यावर क्षितिजापर्यंत नुसते शेंडे. इतकं सुंदर तिने कधी काही पाहिलं नव्हतं. आणि यातलं त्याचं झाड कुठलं, हे कळायला काही मार्ग नव्हता.

"शेंडा हलवता येईल का रे?"



"येईल. पण मिठी सोडून वरचं बारीक खोड धरावं लागेल."

"मग नको."

"तू बघत राहा गं."

वारा पूर्ण पडला होता. सगळं जंगल चित्रासारखं स्तब्ध. आणि त्यातला एक शेंडा हलला. आधी जरासा, मग चांगला इकडून तिकडे. एवढं प्रचंड झाड, आणि ते तिचा नवरा हलवत होता!

"दिसलास! पुरे, पुरे. घट्ट धर!"

तिने ड्रोन त्या शेंड्यावर आणला आणि हळूहळू पिशवी खाली सोडली. पानं बाजूला झाली. एक हात वर आला, त्याने पिशवी पकडून आत ओढली. तिने बटण दाबून पिशवी ड्रोनपासून सुटी केली.

मग तोच हात रिकामा होऊन पुन्हा पानांतून वर आला आणि हलू लागला.

त्याला आपण दिसत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने रिमोटवरचे दोन्ही हात काढले आणि उंच करून हलवले. वर ड्रोन जागचा हलला नाही.